दम भरा, धरा

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर झटकली. हिरवी, सुती, दवाखान्यात असते तसली. एक्सरेच्या टेबलावर ती अंथरलेली असायची. रोज सकाळी काढून अंगणात न्यायची, झटकायची आणि परत आणून घालायची. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, झटकायची, मग एकमेकांकडं चालत यायचं आणि माझी टोकं तिच्या हातात द्यायची. त्या दिवशी टोकं घेताना ती म्हणाली, "हात धुवत जावा जरा. तंबाखूचा वास येतो चादरीला." मी म्हणालो, झोपणार तूच, वास तुलाच येणार. "म्हूनच सांगायले," म्हणाली. एवढंच बोलणं. दहाचा सुमार होता. बाराला ती मेली.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नव्हतं. दुसरा माणूस लिहिताना गोड करतो.

आमचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेला. येलदरीच्या पाण्याकाठापासून राणीसावरगावच्या माळापर्यंत सगळा परभणी जिल्हा पायाखाली घातलाय. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मेंढरं भावाच्या हवाली केली आणि तालुक्याच्या गावी नोकरी धरली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला तीन खोल्यांची शाळा आहे. पोरं तिला कॉलेज म्हणतात. इथं कुणी डॉक्टर होत नाही. एक्सरे काढणारे होतात, रक्त तपासणारे होतात, ऑपरेशनच्या खोलीत हाताशी उभे राहणारे होतात. डॉक्टरचं नाव होतं आणि काम ही पोरं करतात. मी तिथं वॉचमन, ती झाडूवाली. किल्ल्या माझ्याकडं. राहायला मागंच एक खोली.

पोरं मला मामा म्हणायची आणि तिला मावशी. ती हसायची. म्हणायची, मामा म्हंजे आईचा भाऊ, मावशी म्हंजे आईची बहीण, या लेकरांनी म्हातारपणी आपल्याला भाऊ-बहीण करून ठिवलं.

ती पेशंट कशी झाली ते सांगतो. एक्सरे काढायला शिकायचं म्हणजे आधी माणूस झोपवायला शिकायचं. खांदा कसा, हनुवटी कुठं, वर टांगलेला डबा किती उंच. सराव करताना किरण सोडत नाहीत. ते अंगाला बरे नव्हेत, म्हणून सर त्या बटणाची किल्ली काढून खिशात ठेवायचे. नुसता उजेडाचा दिवा चालू. त्या डब्यातून छातीवर उजेडाचा चौकोन पडतो आणि चौकोनात काळी फुली. फुली बरोबर मधे आली की झालं. आता पोरं एकमेकांना झोपवायची तर खिदळायची. मेलेल्या माणसासारखं कुणी गुमान पडायला तयार नाही. सरांनी हिला विचारलं, मावशी, तुम्ही झोपता का. ही हातातला झाडू ठेवून झोपली. तिथून पुढं प्रत्येक तुकडीची पेशंट हीच.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. पुस्तकात लिहिलं होतं तसं पोरगं म्हणालं, "श्वास रोखून ठेवा." ही उठून बसली. म्हणाली, "रोख कुठली माझ्याकडं? त्याहिला इचारा, बाहीर बसल्यात." सगळा वर्ग हसून लोळला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पोरांना सांगितलं, तुमचं बोलणं या बाईला कळलं नाही तर गावाकडच्या कुठल्याच पेशंटला कळणार नाही. मग पोरांनी "दम धरा" म्हणायला सुरू केलं. येलदरीकडचा एक मासे धरणारा म्हातारा दवाखान्यात छातीचा फोटो काढायला आला होता. पोरगं म्हणालं, दम धरा. आमच्याकडं दम धरा म्हणजे थांबा जरा, घाई करू नका. म्हातारा टेबलावरून उतरला आणि बाकावर जाऊन बसला. अर्धा तास बसला बिचारा. शेवटी हिनं शब्द ठरवून दिले. "दम भरा. आत धरा. सोडा." तीन बोल. सरांनी फळ्यावर लिहिले. ते अजून आहेत. वरून रंग दिला तरी भिंतीवर उन्हाची तिरीप पडली की दिसतात. फळा भिंतीवरच रंगवलेला होता.

मागं एकदा तिला महिनाभर खोकला होता. डॉक्टरनं छातीचा फोटो सांगितला. तो खराच काढावा लागला, किरण सोडून. काढणारं पोरगं नवीन होतं. दम भरा म्हणालं, आत धरा म्हणालं, बटन दाबलं आणि फोटो बघायला पळालं. सोडा म्हणायचं राहिलं. ही टेबलावर तशीच. म्हणाली, मग माझं मीच सोडलं, कुणी सांगितलं न्हाई.

फोटोत रोग निघाला नाही. फोटो मात्र असा नामी निघाला की सरांनी तो वर्गात लावला, मागून ट्यूबलाइट असलेली पांढरी पेटी असते तिच्यावर. सर दर वर्षी नव्या पोरांना त्याच्यावर शिकवायचे. मोजा, म्हणायचे, दहा बरगड्या दिसतात. दम पुरा भरला असला तरच दहा दिसतात. असा पेशंट मिळायला नशीब लागतं.

मला ती पेटी आवडायची नाही. बायको समोर खोली झाडायची आणि भिंतीवर तिचीच हाडं उजेडात उभी. तिलाही एकदा झाडताना तिथं थांबलेली बघितलं. मी म्हणालो, काय बघायलीस. ती म्हणाली,

"मी तितं अजून धरूनच हाय. मला कुणी सोड म्हणलंच न्हाई त्या दिशी."

मी म्हणालो, येडी का खुळी. पण त्या रात्री मी जेवलो नाही नीट.

तेव्हापासून तिनं नेम धरला. सराव करताना पोरानं सोडा म्हणेपर्यंत दम सोडायचा नाही. पोरं बटन दाबून खाली मान घालून मशिनीवरचे आकडे लिहायची आणि इकडं हिचं तोंड लाल, मग काळं. मग कुणाच्या तरी ध्यानात यायचं आणि ओरडायचे, सोडा मावशी सोडा. ही भसकन सोडायची, उठून बसायची आणि बोलायची. "बटन दाबलं की तुमी माणूस इसरता. दुखणाईत माणूस तुमी सांगल्याबिगर सोडत न्हाई. त्येला वाटतं, सोडलं तर फोटू बिघडंल आन आपलं दुखणंच दिसायचं न्हाई." सर म्हणायचे, हे पुस्तकात नाही, पण पुस्तकात पाहिजे होतं.

आता एका पोरीचं सांगतो. राणीसावरगावच्या अंगाची, मेंढरं असलेल्या घरातली, म्हणजे आमच्यातलीच. हुशार, पण भेदरट. मागच्या खेपेला प्रॅक्टिकलला नापास झाली. कशात, तर सोडा म्हणायचं विसरली. परीक्षेच्या बाईंनी तिथंच वही मिटली. पोरीच्या बापानं सांगून टाकलं, आणखी एकदा बैस, न्हाई जमलं तर सोयरीक बघितलेली हाय. पोरगी हिच्यापाशी येऊन रडली. ही म्हणाली, रडू नको, तुझ्या परीक्षेला मीच झोपते, मी असल्यावर तुला इसरू देते का. दीड महिना रोज दुपारी त्या दोघींचं चालायचं. दम भरा, आत धरा, सोडा. कधी कधी ही खोलीत स्वयंपाक करत असली की पोरगी बाहेरून म्हणायची, दम भरा, आणि ही परातीतला हात थांबवून दम भरायची. मी म्हणायचो, भाकर करपायली. दोघी माझ्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत.

तर तो दिवस. दुसऱ्या दिवशी परीक्षा. सर, परीक्षा घ्यायला येणाऱ्या बाईंना आणायला स्टँडवर गेले होते. जाताना बटणाची किल्ली खिशात घातली. खोलीत ती पोरगी, आणखी चार पोरंपोरी, टेबलावर ही. मी दारात उभा.

पोरीनं चौकोन पाडला. फुली मधे आणली. म्हणाली, "दम भरा." हिनं भरला. "आत धरा." हिनं धरला. पोरगी काचेच्या आडोशाला गेली, मेलेलं बटन दाबलं, आणि तिथंच उभी राहिली. आकडे पुटपुटत होती वाटतं. उद्याची भीती. मागची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. सगळ्यांना कळलं, परत विसरली.

मी हसलो. हे मी लपवणार नाही. दारातून मी म्हणालो, "सांग की तिला. न्हाईतर सांजपतुर धरून बसंल ती."

सगळे हसले. पोरगी दचकली, काचेमागून डोकं काढून म्हणाली, "सोडा, मावशी."

हिनं सोडलं नाही.

आम्ही आणखी हसलो. उशीर झाला म्हणून ही मुद्दाम अद्दल घडवते असं वाटलं. असं ती करायची. पोरगी म्हणाली, चुकलं मावशी, सोडा आता. मी तिच्या छातीवरची फुली बघत होतो. माणूस जिवंत असला की ती फुली थोडी वरखाली होते. झोपलेल्या मेंढराच्या पोटावर बसलेली माशी होते तशी. ती फुली हलत नव्हती. अंगावर कुणी खडूनं काढावी तशी होती. मला ते दिसत होतं आणि तरी माझ्या तोंडावर हसू होतं. ते उतरायला किती वेळ लागला, सांगता येत नाही.

पोरगी जवळ गेली, खांद्याला हात लावला. मग तिनं आमच्याकडं बघितलं.

दवाखाना पुढंच, डॉक्टर पळत आले. छाती दाबली, लय वेळ दाबली. मी पायाशी उभा होतो, तिचे तळवे धरून. डॉक्टर घामानं भिजले. शेवटी हात काढले. मला बाजूला घेऊन सांगितलं, काळीज बंद पडलं, एका झटक्यात, तिला कळलंसुद्धा नसेल. मी विचारलं, दम धरून? ते म्हणाले, दम धरून कुणी मरत नाही मामा, शरीर आपलं आपण सोडतं. मी मनात म्हणालो, तुम्हाला ती ठाऊक नाही.

माती दिवस मावळायच्या आत झाली. देवगाव फाट्याकडून लेक आली, माझा भाऊ आला, भाऊबंद आले. आंघोळ घालणाऱ्या बाया आपसात कुजबुजल्या ते मी ऐकलं. छाती फुगलेलीच हाय म्हणत होत्या. भरून ठिवल्यावानी.

परत आलो तेव्हा ती पोरगी शाळेच्या पायरीवर बसलेली होती. दुपारपासून तिथंच. पोरी पाणी द्यायच्या, ती प्यायची नाही. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी जवळून गेलो तेव्हा ओठांकडं बघितलं. एकच शब्द होता. एका पोरीनं सांगितलं, दुपारपासून हिचा आवाज गेलाय मामा, आणि हिचा बाप सकाळी न्यायला येणार आहे.

मी तसाच पुढं गेलो. खरं तर मला तिचा राग होता. तिच्यापेक्षा जास्त माझा स्वतःचा होता.

आमच्यात माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं दिवा लावतात. दिव्यापाशी परातीत पीठ चाळून पसरतात, वर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून बघतात. पिठात काहीतरी उमटलेलं असतं. पाखराचं पाऊल, मुंगीची रांग, कधी नुसती एक रेघ. त्यावरून समजायचं की माणूस निघालं आणि कुठं निघालं. लेकीनं पीठ चाळलं. माझ्या चुलतीनं, म्हातारी आहे फार, तिनं विचारलं, जीव कुठं गेला. लेक म्हणाली, टेबलावर. चुलती म्हणाली, मग दिवा तितं पाहिजे. लेक म्हणाली, मिशनीच्या खोलीत दिवा लावू देत न्हाईत, इतंच लावते, आईचं घर हेच हाय. चुलती तोंड फिरवून बसली.

उजाडताना लेकीनं टोपलं उचललं. मी बसूनच होतो. पीठ चाळलं होतं तसं होतं. मुंगी नाही, रेघ नाही, चाळणीतून पडलेल्या दाण्यांचीसुद्धा जागा हललेली नाही. खोलीत झुरळं आहेत, उंदीर आहेत, त्यांनीही पाऊल टाकलं नव्हतं. लेकीनं टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाली,

"आबा, आई इथं आलीच न्हाई."

मी उठलो आणि किल्ल्या घेतल्या. परीक्षा होती, खोली उघडायचं काम माझं. लेक म्हणाली, सुतकात माणूस उंबरा वलांडत न्हाई, आबा, किल्ल्या कुणाच्या तरी हाती द्या. मी म्हणालो, तुझी आई बिगर सांगता गेली, मी सांगून चाललो.

कुलूप काढलं. आत उजेड होता. काल सगळे पळाले तेव्हा पेटी बंद करायची राहिली होती. दुपारपासून सकाळपर्यंत ती जळत होती. त्या उजेडात ती उभी होती, दहाच्या दहा बरगड्या, छाती भरलेली. ट्यूब जुनी, तिचा गुणगुण आवाज. टेबलावर चादर तशीच, कालची. तिच्या टाचांची जागा दबलेली, डोक्याची जागा दबलेली. स्ट्रेचरवर घेताना चादर ओढली गेली असती तर ते उरलं नसतं. पण उरलं होतं. जरा उजवीकडं कललेलं, तिची सवय होती तशी.

मी पेटीचं बटन दाबलं. ट्यूब विझली. काच मात्र लगेच काळी झाली नाही. थोडा वेळ त्या हाडांचा उजेड तसाच राहिला, मग हळूहळू गेला. मी परत लावलं. का लावलं ते विचारू नका. अंधारात तिला एकटं सोडवेना.

मी फोटोला म्हणालो, "सोड."

काही झालं नाही. ट्यूब गुणगुणत राहिली. मलाच कळलं, माझं सांगणं तिला कधी लागू पडलं होतं? जन्मभर नाही पडलं. शिकणाऱ्यानं सांगितलं तरच सोडायचं, हा नेम तिचा. आणि शिकणारी बाहेर पायरीवर मुकी बसलेली.

सर आले, परीक्षेच्या बाई आल्या. सरांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, मामा, तुम्ही आज कशाला आलात. बाईंना कालचं सांगितलेलं होतं. चांगल्या होत्या, पण परीक्षा पुढं ढकलणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी पोरांना विचारलं, पेशंट कोण. पोरं भिंतीला चिकटून उभी. कुणी टेबलाकडं बघेना. त्यातल्या एकानं धीर करून सांगितलं, मॅडम, तिथं आम्ही झोपणार नाही. टेबल एकच. सर म्हणाले मी झोपतो, बाई म्हणाल्या तुम्ही परीक्षक आहात, तुम्हाला चालणार नाही. पेशंट नसेल तर मला सगळ्यांच्या नावापुढं गैरहजर लिहावं लागेल.

मी म्हणालो, पेशंट हाय. आणि बाहेर गेलो.

पोरगी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तिचा बाप कधीही आला असता. मी तिच्यासमोर उभा राहिलो. मला गोड बोलता येत नाही, आलं असतं तरी बोललो नसतो.

"ऊठ. तू मारली न्हाईस तिला. पण तिचं काम अर्धं ठिवलंयस."

ती माझ्याकडं बघत राहिली. ओठ हलले.

"मला ऐकू आलं न्हाई," मी म्हणालो. "तिलाबी न्हाई आलं. आत चल आन मोठ्यानं म्हण."

ती उठली. पिशवी पायरीवरच राहिली.

मी पायताण काढून टेबलावर चढलो. चादर कुणी झटकली नव्हती. झटकायला दोघं लागतात. तिच्या टाचांच्या जागेवर माझ्या टाचा आल्या नाहीत, मी उंच आहे. पण डोक्याखालचा खळगा बरोबर बसला. चादरीला तंबाखूचा वास येत होता. माझाच. ती म्हणत होती ते खरं होतं, आणि हे मला आज कळलं.

आडवं झाल्यावर खोली वेगळी दिसते. इतकी वर्षं मी दारातून बघितली. टेबलावरून फक्त तो टांगलेला डबा दिसतो आणि मान जरा वळवली की भिंतीवरचा फोटो. म्हणजे रोज दुपारी ती स्वतःकडं बघत पडायची. मला कधी बोलली नाही.

पोरगी आली. तिनं माझे खांदे सरळ केले, हनुवटी वर केली. चौकोन पाडला. माझ्या छातीवर काळी फुली पडली. मला ती दिसत होती, थोडी वरखाली होणारी. बाई कोपऱ्यात वही घेऊन उभ्या.

पोरीनं तोंड उघडलं. काही आलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं. घशातून खरखर आली आणि त्या खरखरीत दोन शब्द. "दम भरा."

मी भरला.

"आत धरा."

मी धरला. ती काचेमागं गेली. बटणाचा खट आवाज झाला. आणि मग खोलीत काही नाही.

मी मनाशी ठरवूनच झोपलो होतो. ती म्हणेपर्यंत सोडायचा नाही. ती नाही म्हणाली तर नाही सोडायचा. डॉक्टर म्हणतात शरीर आपलं आपण सोडतं. बघू म्हणालो. छातीवरची फुली थांबली. कानात ठोके पडायला लागले, मग ठोक्यांच्या मागं ट्यूबची गुणगुण, मग गुणगुणीच्या मागं आणखी काहीतरी. खोलीत कुणीतरी माझ्यासारखंच धरून आहे असं वाटायला लागलं. तुम्ही कधी अंधारात मेंढराजवळ लांडगा असताना थांबलात का? तो हलत नाही, आपण हलत नाही, पण एकमेकांचं थांबणं कळतं. तसं. फक्त यात भीती नव्हती लांडग्याची. मी मान वळवली नाही. डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. फुली मोठी झाली, डबा खाली आला. मला पहिल्यांदा कळलं की ती पोरांसाठी रोज काय करत होती.

सर पुढं सरकलेले मला दिसले. बाईंनी हात आडवा करून त्यांना थांबवलं.

मग काचेमागून आवाज आला. मोठा आला. खोलीत घुमला, बाहेर पायरीपर्यंत गेला असेल.

"सोडा."

मी सोडलं. आणि खरं सांगतो, कुणी मानो न मानो, दोन दम सुटले. माझा घरघरत, खोकत. त्याच्या जरासा आधी एक, लांब, भसकन, कानाच्या उजव्या अंगाला. ट्यूबची गुणगुण थांबली. पेटी विझलेली होती. सर नंतर म्हणाले ट्यूब गेली, रातभर चालू होती म्हणून. असेल.

मी उठून बसलो. पोरगी काचेमागून बाहेर आली होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. ती भिंतीकडं बघत होती. तिनंही ऐकलं का, मी विचारलं नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, हिचा आणखी एक फोटो आहे, पुढचा पेशंट.

भिंतीला चिकटलेलं एक पोरगं आपण होऊन पुढं आलं आणि टेबलाशी येऊन उभं राहिलं. मी चादर ओढून घेतली, म्हणालो थांब, दुसरी आणतो. कपाटातली धुतलेली काढून घातली आणि जुनी घेऊन अंगणात आलो.

दोन टोकं धरून झटकायला गेलो. उरलेली दोन मातीत लोळली. परत उचलली, परत लोळली. शेवटी तिचं गाठोडं करून काखेत मारलं. पायरीवर पोरीची पिशवी होती, तिच्याशेजारी तिचा बाप उभा होता, हातात मोटारसायकलची किल्ली. आत काय चाललंय विचारत होता. मी म्हणालो, दम धरा जरा.

तो पायरीवर बसला. आतून पोरीचा आवाज यायला लागला, अजून घोगराच. दम भरा. आत धरा. मी चालायचा थांबलो. सोडा, ती म्हणाली, आणि मी चादर भिजवायला हौदाकडं गेलो.